पप्पांच्या गाडीचा हिसका आणि माझी मिळकत

हे लिहायला मी बरीच टाळाटाळ केली. आधी पेन सापडेना, मग पेन सापडलं तर मीच घरी सापडेना. आता गाडी तयार आहे, आज साताऱ्यावरून पुढे हंपीला निघायचंय, म्हणून बसले.

मी, मोनाली हौसेराव निकम, वय चोवीस, राहणार सानपाडा, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाचा दबाव नसताना (विलासकाका सोडून) हे मृत्युपत्र करते. काकाच म्हणाले होते, "त्या गाडीवर लांब जायचं तर मृत्युपत्र लिहून जा." घ्या, लिहिलं.

१. बँकेत जे असेल ते आईचं, जयमाला निकम हिचं. तंबूही तिचा. आई, माळ्यावर टाकू नकोस, एकदा तरी त्यात झोप.

२. पप्पांची जुनी मोटारसायकल विलासकाकांना. हो, त्यांनाच. पप्पा मार्केटात माथाडी, ही त्यांची एकच हौस. ते गेल्यावर गाडी पार्किंगमध्ये पडून होती. मी चालू केली, काकांना मागे बसवलं, क्लच सोडला आणि असा हिसका बसला की गाडी पुढे, काका मागे पार्किंगच्या उतारावर बसलेले. "दसऱ्यापर्यंत नीट झाली तर पूजा कर, नाहीतर भंगारवाल्याला मीच बोलावतो," म्हणाले. त्यानंतर ते तिच्याकडे फिरकले नाहीत.

३. माझी कानस करावे गावच्या भगवानला. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्यानं मायेनं होडीचं जाड तेल गाडीत ओतलं. "बोटीला चालतं, हिला का नाय चालनार?" क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या, हिसका वाढला. तेल बदललं, केबल, स्प्रिंगा, प्लेटा नव्या टाकल्या. हिसका तसाच. वैतागून मी मोरा जेट्टीवर गेले, बोंबील आणायला. ते राहूनच गेले. तिथं होडीच्या दोरानं खांबाला खाच पडलेली. लाट आली की दोर खाचेत अडकायचा, मग एकदम सुटायचा आणि होडी हिसका खायची. मी तशीच परत फिरले. प्लेटा ज्या डब्यात सरकतात, त्याच्या दांड्यांवरून नख फिरवलं. अडकलं. जुन्या प्लेटांनी पाडलेल्या खाचा. नव्या प्लेटा त्यातच अडकत होत्या. भगवाननं डबा धरला, मी कानशीनं सगळ्या दांड्या सारख्या घासल्या, खाचा जाईपर्यंत, त्याहून जास्त नाही.

मग आईला मागे बसवलं, हातात काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास. उतार चढले, मधेच थांबले, परत गाडी उचलली. एक थेंब सांडला नाही. आईनं चहा वर पोचल्यावर प्यायला. काका गॅलरीतून बघत होते. मग आत गेले. काल दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, तेव्हाही आले नाहीत.

४. उरलेलं जाड तेल सोसायटीचे सेक्रेटरी सुधीर यांना. पार्किंगमधल्या तेलाच्या डागांवरून त्यांनी मला इतक्या नोटिसा दिल्या, काहीतरी परत द्यायला हवं. गेटच्या बिजागऱ्यांना घालावं, फार कुरकुरतात.

५. मी परत आले तर वरचं सगळं रद्द, तंबू सोडून.

सही: मोनाली हौसेराव निकम
साक्षीदार: राहीबाई म्हात्रे (शेजारी, सगळं वाचून, हसून, मग सही), स्वानंद गोखले (वरचा मजला)
सानपाडा, ३ ऑक्टोबर २०२५

ता. क. सह्या झाल्या आणि बेल वाजली. कलम दोन परत लिहावं लागणार, कारण गाडीचा वारसदारच मागे बसून निघालाय. दारात विलासकाका आहेत, डोक्यावर पप्पांचं हेल्मेट, खांद्याला पिशवी. म्हणतात, "साताऱ्यापर्यंत येतो. चहा वाटेत पिऊ, हातात देऊ नको."