आठ दिवसांसाठी आलेला दादा

आदरणीय वहिनी,

तुमच्या धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तसाही मी वाकलेलाच आहे. कारण पुढे येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता, की बाटली नुसती कपाटाची शोभा वाढवते आहे? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. या 'सगळ्यां'त दादाही आला, आणि एवढं एक वाक्य लिहायला मला अडीच महिने लागले.

निवृत्त झाल्यापासून दादा बोलेनासा झाला म्हणून तुम्ही त्याला हवापालटासाठी आठ दिवस माझ्याकडे पाठवलंत. पहिले पाच दिवस तो माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून होता. समोर भिंतीवर चाळीस घड्याळं, पण हा एकाकडेही बघेना. एका गिऱ्हाइकाने त्याच्या मांडीवर पिशवी ठेवली आणि अर्ध्या तासाने उचलून नेली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मात्र घाबरलो. सहाव्या दिवशी शनिवार होता. शनिवारी सकाळी वस्तीतली आम्ही पंधरा-वीस माणसं टेकडीवरच्या वनात कामाला जातो. (जागा सगळ्यांची, झाडं आम्हीच लावलेली, त्यामुळे भांडणंही आमचीच.) दादाला म्हटलं, चल, निदान झाडांकडे तोंड करून गप्प बस.

वनाचा कारभार निवृत्त नर्सबाईंकडे आहे. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात आणि त्या आम्हां सगळ्यांना पेशंट समजतात. दादा कुणाशी बोलत नाही हे ओळखून त्यांनी त्याचं काम मला समजावलं. खालच्या उतारावर नवी रोपं आहेत, गोल पानांची राखायची, लांब पानांचं तण उपटायचं. मी दादाला तसंच सांगितलं आणि वाळल्या पाल्याची हातगाडी घेऊन निघालो. उतारावर गाडी माझ्यापुढे पळाली, मी सोडली नाही, आणि आम्ही दोघं जोडीने तळ्यात गेलो. (कंबर ती हीच. पाणी गुडघाभर होतं, पण त्यात बसल्यावर गळ्यापर्यंत येतं.)

मला बाहेर काढेपर्यंत तास गेला. तेवढ्यात दादाने काम संपवलं होतं. पस्तीस वर्षं गोदामं सांभाळलेला माणूस तो. सगळा उतार कसा साफ, आणि कडेला बेचाळीस गोल पानांची रोपं, उंचीप्रमाणे लावून, मुळांवर ओलं गोणपाट घालून ठेवलेली. लांब पानांचं तण तेवढं डौलात उभं होतं. सिस्टर काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते. दादाचा चेहरा बघवेना. घरी येऊन तो न जेवता भिंतीकडे तोंड करून निजला. मला वाटलं, होता तो उरलासुरला धीरही मी घालवला.

सकाळी बघतो तो अंथरूण रिकामं. कंबर धरून टेकडी चढलो (बायको म्हणते रांगत चढलो, पण ती तिथे नव्हती). दादा उतारावर गुडघे टेकून बसला होता आणि एकेक रोप पुन्हा लावत होता. शेजारी पाण्याची झारी घेऊन सिस्टर. त्या त्याला म्हणत होत्या, "मूळ एकाचंही तुटलेलं नाही. इतक्या निगुतीने चूक करणारा माणूस मी पाहिला नव्हता." आणि वहिनी, दादा हसला. आवाज करून. निवृत्तीनंतरच्या पाच महिन्यांत पहिल्यांदा.

मग मला राहवलं नाही. गोल आणि लांब मीच उलटं सांगितलं होतं (वर 'तसंच' लिहिलंय ते सवयीने), हे कबूल केलं. तो मान वर न करता म्हणाला, "ठाऊक आहे. लहानपणापासून तू डावंउजवंही उलटंच सांगतोस. पण हात माझे होते ना." आणि मला झारी भरायला पिटाळलं.

बेचाळीसांतली छत्तीस जगली. आता दादा रोज जातो. अवजारांच्या खोलीत प्रत्येक फावड्याची जागा ठरली आहे, आणि फावडं चुकीच्या खिळ्याला टांगलं तर सिस्टरसुद्धा दचकतात. तो जेवतो, झोपतो आणि माझ्याशी भांडतोही. तुम्ही काळजी करू नका. सवडीने परत पाठवतो.

तुमचा दीर

ता.क. सवडीने पाठवतो हे खोटं आहे. त्याला परत यायचंच नाही. डॉक्टर प्रवास नको म्हणतात असं त्याने मला लिहायला सांगितलं होतं, पण तो डॉक्टरकडे गेलेलाच नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाला, "नोकरीपायी तिला चार गावं बदलायला लावली. आता झाडांपायी पाचवं कुठल्या तोंडाने सांगू?" तेव्हा वहिनी, कृपा करून आठ दिवस या. वन बघा, आणि आवडलं तर इथे राहायचं तुमच्याच मनात आलं असं दाखवा. मी काही सांगितलंय हे त्याला कळू देऊ नका.

ता.ता.क. पत्र बायकोने वाचलं आणि पोट धरून हसली. तुम्ही दोघी महिनाभर फोनवर बोलताय, घरमालकाला तुम्ही कळवून टाकलंय आणि सामानही बांधून तयार आहे, असं आत्ता समजलं. पण "ह्यांनी स्वतः विचारल्याशिवाय निघणार नाही, आणि भावजींना तर अजिबात सांगू नकोस," अशी तुमची ताकीद आहे म्हणे. तरी पत्र पाठवतो, कारण लिहून झालं आहे. उलट टपाली एवढंच कळवा, तुम्हांला काय माहीत आहे ते मला माहीत आहे की नाही?