माळावरच्या मातीची बाटली

मुलुंड, मंगळवार, १० मार्च

नात मुक्ता आज पवईहून आली ती मातीची बाटली घेऊनच. सोलापूरकडे ज्या गावात मी तरुणपणी मास्तर होतो, तिथल्या माळावरून वाऱ्याने उडणारी माती ती मोजते. बाटली खिडकीत ठेवली, म्हणाली, "आबा, गवत होतं तेव्हा माती धरून ठेवायचं रे. आता नुसती वेडी बाभूळ, आणि झुडपांमध्ये उघडी जमीन. वारा सगळं घेऊन जातो. कुठल्या येड्याने लावली कोण जाणे!"

मी हसलो. चहा टाक म्हटलं.

तो येडा मीच. गुडघाभर कुसळी गवत डोलायचं आणि मला ते ओसाड वाटायचं. कोकणातला ना मी! कवितेच्या तासाला हिरव्या रानाच्या ओळी म्हणवून घ्यायचो, मग पोरांना खिसे भरून बाभळीच्या बिया द्यायचो. पोरं रांगेने, कवितेच्या तालावर, मुठीमुठीने त्या उधळत जायची. काय देखणं दिसायचं! अजूनही आठवलं की देखणंच दिसतं, हाच त्रास आहे.

सांगून टाकायला हवं होतं का? बाटली समोरच होती.

निघताना म्हणाली, "अरे हो, तुझा शाळेतला गणपत भेटला. त्याच्या शेतावरची वरची माती पार उडालीय. म्हणाला, मास्तरांना एकदा आणा, माळ दाखवायचाय. शनिवारी येतोस?"

येतो म्हणालो.

बाटली अजून खिडकीतच आहे. रांगेत गणपत सगळ्यांत पुढे असायचा. त्याची मूठ सगळ्यांत लांब जायची.