बाकाला विचारलंस का?

बुधवार, सकाळचे अकरा

चि. ठकूस,

आजीचे आशीर्वाद. आजी म्हणजे तुझ्या आईची आई; सात महिन्यांत विसरली असशील म्हणून सांगते. फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ करून ठेवून देतेस. कागदाला तसं करता येत नाही. लिहून घेतेय शेजारची शिंपीण. अक्षर तिचं, जीभ माझी.

मी बरी आहे. कुंडीतल्या मिरचीला फुलं आली. दवाखान्यातलं तुझं नवं यंत्रही झकास चालतं. माझ्या नातीनं केलंय म्हणून तिथल्या अख्ख्या बाकाला सांगून ठेवलं होतं.

गेल्या सोमवारी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले. पूर्वी कंपाउंडर दारात येऊन हाक मारायचा. आता पडद्यावर नाव उमटतं. बारापर्यंत पडद्याकडे बघत बसले. गोळ्यांची खिडकी बंद झाली.

कंपाउंडर म्हणाला, “आजी, तुमचं नाव तीनदा येऊन गेलं की!”

“चष्मा घरी राहिला रे.”

चष्मा नाकावरच होता. शिंपीण हसतेय. हस बाई, पण लिही.

लाजेनं पुन्हा गेले नाही. शुक्रवारी नळापाशी चक्कर येऊन पडले. हे तुझ्या आईला कळवायचं नाही. शिंपिणीनं उचललं, तेव्हा तिला खरं सांगितलं. तिनं चौकशी केली, तर बाकावरच्या आणखी सहा जणींचे चष्मे घरीच राहिले होते!

मग या सोमवारी आम्ही सात जणी जाऊन बसलो. खिडकी बंद झाली, तरी उठलो नाही. दवाखान्याचे साहेब आले. “आजी, शिका की थोडं वाचायला!”

म्हटलं, “शिकेन. पण गोळी आज हवीय.”

कंपाउंडर पुन्हा दारात येऊन हाका मारू लागला. साहेब म्हणतात, हे आठवडाभरच. पुढचं यंत्रवाल्यांना विचारून. म्हणजे तुला.

यंत्र करण्याआधी तू इथे दोन दिवस होतीस. डॉक्टरांना विचारलंस, साहेबांना विचारलंस, वही भरून नेलीस. बाकाला विचारलंस का? माझ्याकडे जेवलीस, मलाही नाही. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक होतं, ठके. लहानपणी तुझं गोष्टींचं पुस्तक मी उलटं धरायची आणि तू हळूच सरळ करून द्यायचीस. विसरलीस की लाज वाटली, ते कळवू नकोस.

येत्या सोमवारी ये. साहेबांच्या खोलीत नाही, नऊपासून बाकावर बसायचं, आमच्यात. मग यंत्राला बोलायला शिकव. तोवर आम्ही हलत नाही.

खाली अंगठा माझा आहे. त्याच्यापुढे नाव घालू नको, असं शिंपिणीला बजावलंय.

न उठणारी,
तुझी आजी

ता. क. येताना खायला आण. सात जणी आहोत. दोघींना साखर चालत नाही, तिघींना दात नाहीत. काय आणायचं ते तू ठरवू नकोस. शिंपिणीच्या फोनवर एकेकीला विचार, आणि मगच आण.