तात्यांच्या गाडीचं इंजिन

२४ सप्टें., बुध.
तात्यांच्या मोटरसायकलच्या इंजिनाचं हेड उतरवलं आणि मटकन खालीच बसले. पिस्टनची रिंग तुटलेली. तिचा तुकडा सिलेंडरभर नाचलाय, आत ओरखडेच ओरखडे. टायमिंग चेन इतकी सैल, की बाजूची पट्टी संपवून आता केसिंग खायला लागली होती. ही चेन एकदा सटकली की वाल्व पिस्टनवर आपटणार, मग इंजिन भंगारात. आणि तात्या, माझे सासरे, कालच हिच्यावर बसून पौडला जाऊन आले!
तात्यांना नेऊन दाखवलं. म्हणाले, "पळत हुती की."
पैज त्यांचीच. मी दुरुस्त केलेली गाडी ताम्हिणी घाटात जाऊन धड परत आली, तर रस्त्याकडेचा गाळा मला गॅरेजसाठी. नाहीतर दसरा झाला की मोबाईलच्या दुकानवाल्याला भाड्याने. वर तात्यांचा टोमणा, "बाईच्या गॅरेजात कोन गाडी घालनार?" लहानपणापासून बाबांच्या गॅरेजात मी ऑइलने माखून घेतलंय. लग्न ठरवताना ठाऊक होतं सगळ्यांना. तेव्हा फार कौतुक होतं.

२६ सप्टें., शुक्र.
वाल्व घासले. पेस्ट लावून, काठी दोन्ही तळव्यांत घोळवत. आत्या, म्हणजे सासूबाई, शेजारी शेंगा फोडत बसलेल्या. "एवढं घासून काय निगतंय गं त्यातनं?" म्हटलं, काही निघू नये म्हणूनच घासायचं. पेट्रोल ओतून बघितलं, थेंब गळला नाही. आत्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद.
संदीप हिंजवडीची कॅब लावून आला. "तुमच्या दोघांच्या पैजेत मला ओढू नको." नवरा केलाय की प्रेक्षक, विचारायचं राहून गेलं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
सिलेंडर आतून घासून घ्यायला पिरंगुटला बोरिंगवाल्याकडे दिला होता, तो आणायला गेले. इंजिनाचं तोंड उघडं, म्हणून जाताना स्वच्छ फडकं कोंबून गेले. बोरिंगवाल्याकडे मशीनची पूजा. पेढा दिला, सिलेंडर दिला, मापाचा नवा पिस्टनही. वाटेत बस बंद पडली. घरी यायला संध्याकाळ.
बघते तर गाडीला हार, हेडलाइटला हळदकुंकू. फडकं जागच्या जागी. आणि माझे नटबोल्टचे पाने! धुऊन पुसून पाटावर ओळीने मांडलेले, प्रत्येकाला कुंकवाचं बोट, प्रत्येकावर झेंडू. या घरात विळे-कोयते पुजतात, पाने कुणी पुजले नव्हते. आत्या चुलीपाशी होत्या, त्यांचंच हे काम असणार. मी विचारलंही नाही. रडायला आलं, खोटं कशाला लिहू.
आज हत्याराला हात लावायचा नाही. जोडणी उद्या.

२ ऑक्टो., दसरा
नवा पिस्टन, रिंगा, चेन, पट्ट्या. फडकं काढलं, बसवत गेले. मॅग्नेटची खूण, वाल्व उघडणाऱ्या कॅमची खूण, दोन्ही जुळल्या. हाताने फिरवून बघितलं, कुठे अडत नाही. नवं तेल. दोन-तीन किका वाया, आणि मग धरली! काय आवाज! भाडेकरू खोल्यांतून बाहेर आले.
तात्या पायरीवरून, "आवाज बरा हाय."
त्यांच्या तोंडून 'बरा' म्हणजे पदवीच मिळाली.

५ ऑक्टो., रवि.
सकाळी तात्या एकटेच ताम्हिणीला निघाले. नवं इंजिन आहे, सावकाश चालवा, एवढं सांगितलं. दुपारी दारात टेम्पो, त्यात गाडी आडवी. अपघात? तात्या पुढून उतरले, धडधाकट.
"धरनाच्या पुढं खडखडली. मंग बंदच पडली. ही घे तुजी गाडी."
तुजी. जाताना 'माजी' होती.
वरचं झाकण तिथेच काढलं. कॅम जळून निळा पडलेला, कोरडा ठणठणीत. खाली तेल पुरेपूर आणि वर थेंब नाही! हे होईलच कसं? तेलाचा पंप मी स्वतः तपासून बसवला होता.
सुचत नाही काही. आत्यांनी ताट आणलं, तसंच परत गेलं.

६ ऑक्टो., सोम.
बाजूचं झाकण उघडलं. तेलाच्या पंपाआधी जाळी असते, ती ओढून काढली आणि हातातून पडलीच.
झेंडूच्या पाकळ्या. जाळीवर थापून बसलेल्या. मध्ये तांदूळ, तेलात काळे पडलेले. अक्षता! इंजिनात अक्षता!
कुणीतरी फडकं उचललं, आत फुलं-अक्षता वाहिल्या आणि फडकं परत नीट कोंबून ठेवलं. चेनच्या पोकळीतून सगळं थेट तळाला. तेलाची वाट बंद. वेड लागायचं बाकी राहिलंय. फडकं काढल्यावर आत टॉर्च मारला असता तर... नाही मारला. जागेवर होतं ना ते!
आत्यांना सांगू कशी? माझे पाने पुजणाऱ्या बाईला सांगायचं, तुमच्या पूजेनं इंजिन गेलं म्हणून? आणि नाही सांगितलं तर गाळा गेला, वर आयुष्यभर ऐकायचं.

७ ऑक्टो., मंगळ.
आत्यांना एकटं गाठलं. गोडीगुलाबीने विषय काढला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.
"आगं, मी कुटं हुते घरी? नवमीला नेऱ्याला भनीकडं न्हवते का गेले? तू यायच्या जरा आदी आले."
मग कोण? संदीप त्या दिवशी ड्युटीवर.
"तुज्या सासऱ्यानी फोन केलेला मला. पाट कुटं ठिवलाय, इचारत हुते."
तात्या.
तात्यांनी माझे पाने धुतले. एकेक पुसला. बोटाने कुंकू लावलं. मी ओट्यावर हात टेकून उभी राहिले. पैज लावणाराही हाच माणूस आणि पूजा करणाराही हाच? दिवसभर डोकं बधिर. भाजीत मीठ दोनदा पडलं.

८ ऑक्टो., बुध.
सांगितलं. पेपरवर जाळी ठेवून तात्यांपुढे सरकवली. "तात्या, हे इंजिनात होतं. म्हणून तेल वर चढलं नाही."
चष्मा लावला. पाकळी नखाने उचलली, उजेडाकडे धरली. म्हणाले, "बैलाला पोळी त्वांडात घालत्यात. पाठीवर न्हाई ठिवत."
त्यांच्या हिशेबाने त्यांनी चूक केलीच नाही. इंजिनाला पोटभर घातलं.
मी विचारलं, "आणि पाने का पुजले?"
चष्मा घडी करून खिशात. "मोबाईलवाला शुक्रवारी येतुया गाळा बघाय," म्हणाले आणि गेले निघून. चूक मान्य नाही, शाबासकी नाही, काही म्हणजे काही नाही. संतापाने हातातला पाना भिरकावणार होते. त्यावर कुंकू होतं अजून, ठेवला खाली.

१० ऑक्टो., शुक्र.
मोबाईलवाला आला. मी अंगणात इंजिन परत मोकळं करून बसलेले. मान वर केली नाही, कान मात्र तिकडेच.
तात्यांनी खिसे चाचपले. हा, तो, परत हा. "चावी गावंना."
तो म्हणाला, "कुलूप तोडू की, काका. नवं मी आणतो."
"तोडायचं न्हाई. गावंल तवा गावंल."
घरादाराच्या सगळ्या चाव्या तात्यांच्या करदोड्याला असतात. चालले की वाजतात. आत्ताही वाजत होत्या! मी हातातली प्लायर्स तशीच धरून राहिले. हा माणूस खोटं बोलताना मी या घरात आजवर ऐकला नाही. तोंडावर वाईट बोलेल, खोटं नाही. त्या मोबाईलवाल्यालाही ऐकू येत असणार, पण वडीलधाऱ्याला म्हणतो काय? "बरं, सोमवारी येतो," म्हणून गेला.
तात्या माझ्यापाशी येऊन उभे. हेडकडे बघत, माझ्याकडे नाही.
"अजून किती दिस?"
"नवा कॅम मिळाला की लगेच. पण तात्या, गाळा..."
"त्यो सोमवारी येतुया परत. त्याच्या आदी ताम्हिणी हुयाला पायजे," म्हणाले, आणि चाव्या वाजवत आत गेले.