माथ्यावरची ओळ

३ मार्च, मंगळवार

‘काही लागलं तर हाक मार.’

आठ वर्षांपूर्वी दारात बूट घालता घालता तो म्हणाला होता. भांडण नव्हतं, रडारड नव्हती. सह्या झाल्या होत्या, सामान खाली गाडीत गेलं होतं. वाकून नाडी बांधत होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मी म्हटलं, बरं. एवढ्या वर्षांच्या संसाराचा शेवटचा शब्द काय — तर बरं!

आज हे वाक्य आठवायचं कारण अगदी कोरडं आहे. लॅबमधला रिपोर्टांचा प्रोग्राम उघडायला फार वेळ लावतो. दर रिपोर्टाला नव्याने उघडावा लागतो, आणि समोर रांग. काउंटरवरच्या ताई वर येऊन सांगून गेल्या, की तुमचा प्रोग्राम जागा होईपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जातो.

दोष कुठे आहे ते मला माहीत आहे, मीच लिहिलाय तो. पायथन या संगणकभाषेतल्या फाइलीत अगदी वर, माथ्यावर, लागतील त्या मॉड्यूल्सची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तयार तुकड्यांची, नावं लिहून ठेवली आहेत. एक छपाई करणारं, एक आलेख काढणारं, एक ईमेल पाठवणारं, एक रक्तात काही धोक्याचं निघालं तर डॉक्टरांना मेसेज धाडणारं. प्रोग्राम उठला, की आधी या सगळ्यांना उठवत बसतो आणि मग कामाला लागतो. साधा साखरेचा रिपोर्ट छापायचाय, तर आलेखवाल्याची झोपमोड कशाला? उपाय सोपा आहे. ओळ माथ्यावरून उचलायची आणि आत, जिथे ते काम होतं तिथे नेऊन ठेवायची. काम निघालं तर हाक. नाही तर झोपू दे बापड्याला.

हे डोक्यात मांडता मांडता लक्षात आलं, आठ वर्षं मी घरी हेच करतेय.

५ मार्च, गुरुवार

केलं. सगळ्यांच्या ओळी आत नेल्या. प्रोग्राम आता बोट लावायचा अवकाश, उघडतो. ताईंनी त्यांच्या पुड्यातलं बिस्किट पुढे केलं — त्यांच्याकडचा हा सर्वोच्च सन्मान. लॅबचे साहेब म्हणाले, इतके दिवस का नाही केलंत? त्यांच्याकडचाही हाच.

८ मार्च, रविवार

आईचा फोन. जावईबापू कसे आहेत? घटस्फोट तिने अजून मनावर घेतलेला नाही. मी नेहमीचं उत्तर दिलं, बरे असतील.

आई घसरून पडली तेव्हा मी त्याला बोलावलं होतं. गिझर बिघडला तेव्हा, कपाट भिंतीला ठोकायचं होतं तेव्हा. येतो, काम करतो, हात धुतो, चहा उभ्यानेच पितो, जातो. माझ्या एकाही हाकेला त्याने उशीर केला नाही. मीही कामाशिवाय एकदाही मारली नाही. लोक म्हणतात, किती समंजस आहात दोघं!

आई आज म्हणाली, ‘नवरा सोडलास गं, पण त्याचा पाना तेवढा ठेवून घेतलास.’

हसले.

गेल्या वर्षभरात घरात काहीच मोडलं नाही. हल्ली वस्तू फार टिकाऊ करतात.

११ मार्च, बुधवार

स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. चांगलाच ठिबकतोय!

१२ मार्च, गुरुवार



दुपारी ताईंचा खालून फोन. आवाज नेहमीचा नव्हता. एका आजोबांच्या रक्तात पोटॅशियम भलतंच वाढलेलं. अशा वेळी रिपोर्ट उघडताक्षणी डॉक्टरांना आपोआप मेसेज जातो. तो गेला नाही. प्रोग्रामच आडवा झाला. पडद्यावर एक ओळ उरली, तीही ताईंनी अडखळत वाचून दाखवली — या नावाचं मॉड्यूल सापडलं नाही.

‘ताई, ते राहू द्या. डॉक्टरांना फोन लावा आणि आकडा सांगा. आधी आकडा.’

त्यांनी लावला. आजोबांना घरून तसंच उचलून हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी कळलं, आता ठीक आहेत. उगाच आणलंत म्हणून मुलावर चिडलेत, म्हणजे नक्कीच ठीक आहेत.

झालं होतं असं. शनिवारी सर्व्हरची साफसफाई झाली आणि त्यात मेसेजचं मॉड्यूल जुनं समजून उडवलं गेलं. पूर्वीसारखी त्याची ओळ माथ्यावर असती, तर सोमवारी सकाळी प्रोग्राम उठलाच नसता. बोंब झाली असती, साहेब माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले असते, आणि रांग लागायच्या आत मी ते परत बसवलं असतं. पण ओळ आत होती. कुणी हाक मारली नाही, म्हणून ते नाही हेच कुणाला कळलं नाही. बाकी सगळं कसं झटपट, छान चाललं होतं.

परत बसवलं. त्या एकाची ओळ उचलून पुन्हा माथ्यावर नेली. साहेबांनी विचारलं, पुन्हा वेळ लागणार का? म्हटलं, थोडा लागेल, या एकाचा लागू दे.

‘पण ते रोज कुठे लागतं?’

‘रोज लागत नाही साहेब. पण आहे ना, हे रोज कळायला हवं.’



१४ मार्च, शनिवार

त्याला फोन केला. म्हटलं, अरे, नळ ठिबकतोय.

तो म्हणाला, ‘अगं, मी तिथे नसतो आता.’

मला वाटलं, दौऱ्यावर असेल. नाही. नोव्हेंबरमध्येच बदली मागून घेतली. रात्रभराच्या प्रवासावरचं शहर. घरही सोडलं इथलं.

‘सांगितलं नाहीस.’

‘तसं काही निमित्त निघालं नाही.’

खरंच नव्हतं निघालं. त्याच्यावर रागवायला जागा शोधली, सापडली नाही. माझा हिवाळाभर फोन नाही, त्याचा नाही. दोघांनीही ठरल्याप्रमाणेच केलं.

ओळखीचा प्लंबर पाठवतो म्हणाला, आणि पाठवला. तासाभरात नळ बंद. वायसर झिजला होता म्हणे. प्लंबरने खुर्ची ओढली, बसून चहा घेतला, अर्धा कप आणखी मागितला.

आता घर अगदी शांत आहे. ठिबकणंही नाही. अडीनडीला तो दोन बसस्टॉपांवर आहे, या भरवशावर मी हिवाळाभर गाढ झोपले. भरवसा दुसऱ्याच गावी राहत होता.

१५ मार्च, रविवार

तो गाव सोडून गेल्याचं आईने विचारलं तर सांगू, असं ठरवलं होतं. मग वाटलं, हेही तेच झालं. आपणहून सांगितलं. ती पान्यावरून काहीतरी बोलेल म्हणून तयारीत होते.

‘तुला करमतं का गं?’ म्हणाली.



१७ मार्च, मंगळवार

एक छोटी फाइल लिहिली. सकाळी काउंटर उघडायच्या आधी ती आतल्या प्रत्येक मॉड्यूलला एकदा हाक मारते. काम काही सांगत नाही. नुसतं, आहेस ना? ताई म्हणाल्या, म्हणजे शाळेसारखी हजेरीच घेता की!

मॉड्यूलला विचारलं तर ते म्हणत नाही, की आज कशी काय आठवण झाली. माणसाचं तेवढंच अवघड.

१८ मार्च, बुधवार

तो बहुधा नाहीच म्हणेल. रात्रभर प्रवास करून यायचं कशासाठी, विचारेल, आणि माझ्याकडे सांगायला कारण नाही. तरी मेसेज पाठवला — ‘नळ चांगला चालतोय. काही मोडलेलं नाही, काही लागत नाही. रविवारी ये. या वेळी बसून चहा पी.’