एका ओळीचा ठराव

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा तुमच्यावरचा राग अजून टुणटुणीत आहे. आज तो जरा बाजूला ठेवते, कारण मला तुम्हाला एक विजय सांगायचा आहे, आणि तो तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळणार नाही. इथल्या लोकांना तो सांगितला की म्हणतात, "काय मॅडम, हात वर करायला काय लागतं?" काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे. पोर्ट ब्लेअरला आपल्या छापखान्याच्या वरच्या खोलीत पक्षाची बेटांवरची शाखा भरायची, तिचे चिटणीस तुम्ही. सभासदांच्या याद्या तुमच्या हातच्या, पत्रकं तुमच्या यंत्रावरची, भांडणं मिटवायलाही तुम्हीच. आणि दर खेपेला अध्यक्ष निवडायची वेळ आली की कलकत्त्याच्या बोटीने एक निरीक्षक उतरायचा, जाकिटाच्या खिशात बंद पाकीट घेऊन.

मी कपबश्या घेऊन दारात उभी आहे. कॉन्व्हेंटचा निळा गणवेश अजून अंगावर आहे. खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे की या वेळी अध्यक्ष तुम्हीच व्हायला हवेत. फेरीबोटीवरचा सारंग तर खाली जिन्यातच तुमचं अभिनंदन करून गेला आहे. तुम्ही उठता, चष्मा पुसता आणि तो एका ओळीचा ठराव वाचता: अध्यक्ष नेमण्याचे सर्व अधिकार ही सभा पक्षश्रेष्ठींना देत आहे. टाळ्या. निरीक्षक पाकीट फोडतात. आतलं नाव दिल्लीतच टाइप झालेलं, लाकडाच्या ठेकेदाराचं, जो वर्षातून दोनदा सभेला यायचा आणि दोन्ही वेळा झोपायचा. तुम्हीच त्याच्या गळ्यात हार घातलात. घरी आल्यावर मी विचारलं, "खोलीतल्या लोकांना का नाही विचारलंत? सगळे तुमच्या बाजूचे होते." तुम्ही म्हणालात, "याला शिस्त म्हणतात. नन्सनी तुला इंग्रजी शिकवलं, जीभ आवरायला नाही शिकवलं." आई पोळी लाटता लाटता थांबली. तुम्ही जेवलात. मी नाही जेवले.

आता अबू धाबीची गोष्ट ऐका. मी इथे एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात वीस वर्षं काढली. या देशात राजकीय पक्ष चालत नाहीत, म्हणून आपल्या पक्षाची माणसं इथे 'सांस्कृतिक मंच' म्हणून जमायची. दिवाळी, हळदीकुंकू, एखादं गाणं. पण अध्यक्ष कोण हे मात्र तिकडचे श्रेष्ठीच ठरवायचे. मी सहा वर्षं चिटणीस होते. हो, तुमच्यासारखीच! कोणाचा पासपोर्ट मालकाने दडपला, रुवैसच्या रिफायनरीत कोणी वारला आणि मृतदेह गावी पाठवायचा आहे, की फोन माझ्या घरी वाजायचा. हॉस्पिटलचे कागद, पोलिसांचा शिक्का, वकिलात, कार्गो, हा क्रम मला पाठ. मी निवृत्त झाले त्याच वर्षी, नव्वदचं दशक संपता संपता, मंचाचं अध्यक्षपद रिकामं झालं. सगळ्यांनी गृहीत धरलं की मी. मीही धरलं. मग मुंबईहून निरीक्षक उतरले आणि मला निरोप आला की ठराव तेवढा तुम्ही वाचा, तुमचे उच्चार छान आहेत.

शुक्रवारची दुपार, हमदान स्ट्रीटवरच्या हॉटेलचा हॉल. हॉलचं भाडं भरलं होतं एका सोन्याच्या दुकानदाराने, आणि पाकिटात त्याचंच नाव आहे हे वेटरलासुद्धा माहीत होतं. तो पहिल्या रांगेत हारासाठी मान मोकळी करून बसला होता. बिचाऱ्याने आयुष्यात एकदाही शवागाराचा दरवाजा पाहिला नव्हता. माझी लेक शेजारून कुजबुजली, "मम्मी, प्लीज. जस्ट रीड इट अँड सिट डाऊन." मी माईकपाशी गेले. कागदावर तीच ओळ, अण्णा. इतक्या वर्षांत, इतक्या समुद्रापलीकडे, तिचा एक शब्द बदलला नव्हता. मी ती मनात वाचली, कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "हा ठराव मी मांडणार नाही. अध्यक्ष इथेच निवडू, हात वर करून."

निरीक्षक हसले. "बहनजी, हमारे यहाँ वोटिंग की परंपरा नहीं है."

"परंपरेला मी लहानपणापासून ओळखते, साहेब. तिला चहा मीच द्यायचे."

मागून रास अल खोरचे आमचे भाई उठले. मूळ रत्नागिरीचे, गाड्यांच्या सुट्या भागांचे व्यापारी, खास सभेसाठी दुबईहून आलेले. "मी मॅडमचं नाव सुचवतो. माझा मेव्हणा वारला तेव्हा हे शेठ कुठे होते? यल्ला, चला, मोजा हात, आम्हाला परत जायचंय." निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं, शेठकडे पाहिलं, आणि त्यांना वाटलं असावं की चार-सहा हात येतील, विषय खलास. म्हणाले, "ठीक है. मॅडम के लिए?" आणि रुवैसहून बस करून आलेल्या फिटर, वेल्डर लोकांच्या रांगाच्या रांगा वर गेल्या. बायका वर. काही तर दोन्ही हात वर करून बसले, त्यांना भाईंनी दटावलं, "अरे एकच! इथे तरी लबाडी नको." शेठच्या बाजूला त्याचे दोन मॅनेजर आणि फोटोग्राफर. पाकीट उघडलंच नाही. निरीक्षकांनी ते खिशात परत सारलं, तेव्हा मी म्हटलं, "जेवून जा, साहेब. बिर्याणी शेठकडूनच आहे." लेक मान खाली घालून हसत होती.

पुढच्या सभा आम्ही एका शाळेच्या तळघरात घेतल्या, घरचे डबे घेऊन. तिकडून दोन पत्रं आली, शिस्तीबद्दल. मी दोन्हींना उत्तर दिलं, कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत. तिसरं आलं नाही. चार वर्षं मी अध्यक्ष होते आणि प्रत्येक वर्षी हात मोजले. तुमच्या खोलीतही मिळाले असते, अण्णा. मी दारात होते, मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. तुम्ही कागद वाचत होता, तुम्हाला दिसले नाहीत. मला चीड आहे ती याची, ठेकेदाराची नव्हे.

एक मात्र तुम्हालाच सांगते. इथे सगळे अजून म्हणतात की पहिला हात रुवैसच्या एका म्हाताऱ्या वेल्डरचा वर गेला, आणि मीही ते कधी खोडलं नाही. निरीक्षकांनी विचारल्यावर हॉलमध्ये क्षणभर कोणीच हललं नव्हतं. पहिला हात माझा होता, माझ्यासाठी. तुम्ही याला निर्लज्जपणा म्हणाला असतात, म्हणून हे पत्र कुठे पाठवता आलं असतं, तरी एवढा परिच्छेद फाडूनच मी ते पाठवलं असतं.