काळ्या मुखवट्याची लंगडी

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. फोनवर उत्तर द्यायचं मुद्दाम टाळलं. फोनवर मी जरा मनातलं बोलायला लागले, की तू ‘बरं बरं’ म्हणतोस आणि वहिनीच्या हातात फोन देतोस. कागदाला काही बरं बरं म्हणता येत नाही. तेव्हा जरा निवांत बस, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठू नकोस.

आधी माझी खबरबात. गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणतात, सांधा नवाकोरा बसलाय, आता पळा. पळायचं कसलं, मला सरळ चालायचीसुद्धा सवय राहिलेली नाही. खुर्चीतून उठले की आधी उजवा पाय आपटायचा, मग डाव्यावर दोन छोट्या उड्या, खांदा खाली, आणि मग कुठे चाल धरायची. इतकी वर्षं असंच उठत आले. गुडघा बदलला तरी सवय गेली नाही. हे सकाळ-संध्याकाळ मला हॉलभर फिरवतात आणि मागून चालत माझी नक्कल करतात. मी रागावले की म्हणतात, एवढ्या भारी लढवय्याची नक्कल करायला मिळतेय, माझं भाग्य समज. ह्यांना ठाऊक आहे ना सगळं. लग्न झाल्यावर महिन्याभरातच मी सांगून टाकलं होतं. घाबरत घाबरत सांगितलं, तर हे पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी ते सीडीवर गेम खेळायचं यंत्र मागून घेऊन आले. टीव्हीला वायरी जोडून आम्ही दोघं खेळत बसलो. हे सारखे हरायचे, कारण हट्टाने तुझा जाडा पहिलवान निवडायचे. मेहुण्याचा मान राखायला नको का, म्हणायचे.

आता मुद्द्यावर येते. व्यायाम करून घ्यायला घरी एक मुलगी येते. चुणचुणीत आहे, तोंडाने फटकळ आहे, मला आवडते. पहिल्याच दिवशी तिने मला खुर्चीतून उठायला सांगितलं. मी उठले माझ्या पद्धतीने, आणि ही हसायलाच लागली. मला वाटलं, काय आगाऊ कार्टी आहे. मग माफी मागून म्हणाली, काकू, तुम्ही अगदी काळ्या मुखवट्यासारख्या चालता. लहानपणी तिच्या वडिलांचं जुनं यंत्र होतं घरी. ती आणि तिचा भाऊ त्यावर मारामारीचा तोच एक गेम खेळायचे आणि काळा मुखवटा कुणी घ्यायचा यावरून खरी मारामारी करायचे. गिरकी घेऊन लाथ मारली की तो मुखवटेवाला दोनदा लंगडतो, आणि लंगडत असताना त्याला मार लागत नाही, म्हणून त्याला एवढी मागणी. दादा, माझ्या अंगावर काटा आला. आपल्याला वाटलं होतं तो खेळ कधीच मातीत गेला. ती म्हणाली, छे हो, आता तर पुन्हा नव्याने काढतायत, त्या मुखवट्यातल्या माणसाची मुलाखतपण आलीय. आणि तिने मोबाइल माझ्यासमोर धरला.

छान दिसत होतास. तो निळा शर्ट तुला शोभतो. मी आपली खुशीत बघत होते. वाटलं, आता खरं सांगशील. नाही तरी अडवणारं आता कोण उरलंय? पण तू तर वेगळंच सुरू केलंस. ती लंगडी म्हणे तू मुद्दाम शोधून काढलीस. समोरच्याला वाटावं हा जायबंदी झाला, तो गाफील होऊन पुढे आला की त्याला झोडपायचं, अशी तुझी युक्ती. महिनाभर म्हणे आरशासमोर सराव केलास. आणि मुलाखत घेणाऱ्या त्या पोराने विचारलं, तुमच्यासोबत आणखी कोण होतं, तर तू जरा आठवल्यासारखं करून म्हणालास, माझी धाकटी बहीण यायची कधी कधी, चहा करायला आणि गाद्या उचलायला.

चहा करायला. अरे, त्या गोदामात स्टोव्ह तरी होता का?

तुझी आठवण कमजोर झाली असेल तर मी सांगते. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागचं गोदाम होतं ते. भिंतीला पांढरी चादर खिळ्यांनी ठोकलेली, दोन मोठे दिवे, त्यांच्या उकाड्याने जीव नकोसा व्हायचा. आणि तो गेम बनवणारा चष्मिष्ट, कॅमेऱ्यामागे वाकून बसलेला. त्याने आपल्या कराटे क्लासचं प्रात्यक्षिक बघून तुला बोलावलं होतं, हे खरं. माणसांचे फोटो काढून त्यांना टीव्हीवर लढवायचं त्याच्या डोक्यात होतं. पण दादा, तुझा पाय कमरेच्या वर जात नव्हता. सर तुला क्लासमध्ये म्हणायचे, अरे, तू लाथ मारतोयस की चप्पल झटकतोयस? पहिल्या दिवशी चष्मिष्ट वैतागला, आणि तूच म्हणालास, माझी बहीण आहे, तिला आम्ही टिटवी म्हणतो, तिचे पाय कायम आभाळाकडे. तूच मला सायकलवर मागे बसवून घेऊन गेलास. बाबांचा जुना काळा शर्ट मला घातलास, आईच्या काळ्या ब्लाउजपीसचा मुखवटा स्वतः शिवलास, वेडावाकडा. एक डोळा वर, एक खाली. गेममध्येही तो तसाच वाकडा आहे, बघितलंस का कधी नीट? आणि स्वतःच्या पोटावर उशी बांधून तू पहिलवान झालास. किती हसलो होतो आपण. तुझी उशी सारखी खाली घसरायची आणि चष्मिष्ट ओरडायचा, पहिलवान, पोट वर घ्या.

ते काम किती चिवट होतं, ते बाहेरच्या कुणाला कळायचं नाही. एक लाथ म्हणजे एक लाथ नव्हेच. पाय उचलायचा, थांबायचं. अजून वर न्यायचा, थांबायचं. कंबर वळवायची, थांबायचं. मांडी थरथरायची, आणि तो म्हणायचा, हलू नका, हललात तर फोटोत भूत दिसेल. फक्त ती गिरकीची लाथ थांबून थांबून होईना, तेव्हा त्याने सांगितलं की ही एका दमात घेऊ, मी नंतर त्यातून चित्रं वेचून काढतो. फरशी नुकतीच धुतलेली होती. गादी सरकू नये म्हणून तू तिच्या कडेवर पाय देऊन उभं राहायचं, असं ठरलं होतं. तू गेलास कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुझा पहिलवान कसा दिसतो ते बघायला. मी उडी घेतली, गादी सटकली, आणि गुडघ्यात असं काही तुटलं की आवाज मला ऐकू आला. त्याचा राग मी तेव्हा धरला नाही, आजही धरत नाही. कारण तू धावत आलास. मी डाव्या पायावर कशीबशी दोन उड्या मारल्या, तोवर तू येऊन माझा कोपर धरलास, म्हणून मी तोंडावर आपटले नाही. ती ही लंगडी. ती युक्ती नव्हती. ते माझं पडणं होतं आणि तुझं सावरणं होतं. चष्मिष्टाला पुन्हा शूटिंग करणं जमणार नव्हतं, मी उभीच राहू शकत नव्हते. मग त्याने तेच ठेवलं आणि बसून बसून, ठिपका ठिपका खोडत, तुला त्या चित्रातून काढून टाकलं. म्हणून तर त्या मुखवट्याचा एक कोपर हवेतच टेकलेला दिसतो.

चित्रातून त्याने तुला पुसलं, आणि नावातून तू मला.

ते कसं झालं तेही सांगते, म्हणजे पुन्हा मुलाखत द्यायची वेळ आली तर उपयोगी पडेल. सीडीच्या डबीतल्या कागदावर कुणी कोण केलं ते छापायचं होतं. घरी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. गुडघा जिन्यावरून पडून गेला असं आपण आईला सांगितलं होतं. मुलगी शर्ट घालून गोदामात लाथा मारते हे कळलं असतं तर बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तू म्हणालास, टिटवे, पहिलवान आणि मुखवटा, दोन्हीकडे माझं नाव टाकतो, तुझं लग्न झालं की सगळ्यांना खरं सांगू. मी हो म्हटलं. मला केवढं कौतुक वाटलं तुझं, की दादा माझ्यासाठी खोटं बोलायला तयार आहे. पण ते नाव मी तुझ्याकडे ठेवायला दिलं होतं, तुला देऊन टाकलं नव्हतं. लग्न झालं, तर तू म्हणालास, सासूबाई आहेत तोवर नको. सासूबाई गेल्या, तर आईला या वयात धक्का नको. आता आईही नाही. मी वाट बघत होते रे. मी कधी मागितलं नाही, कारण भावाकडे आपलीच वस्तू मागायची लाज वाटते.

तू मुखवटा स्वतःचा म्हणालास, तेही एक वेळ गिळलं असतं. इतकी वर्षं एकच खोटं बोललं की माणसाला ते खरं वाटायला लागतं. पण चहा करायला? परक्याने पाठीत वार केला तर माणूस ओरडतो तरी. तू केसाने गळा कापलास, आणि तोही हसत, निळा शर्ट घालून. त्या व्यायामवाल्या मुलीच्या हातातला मोबाइल मी परत दिला आणि म्हटलं, चांगलं बोलतो गं हा माणूस. ती म्हणाली, काकू, रडताय का, दुखतंय का फार? मी म्हटलं, हो, दुखतंय. तिने त्या दिवशी व्यायाम बंद ठेवला.

मी गप्प बसायचं ठरवलं होतं, दादा. खरंच. हे म्हणाले होते, बोल त्याच्याशी, मी म्हटलं, राहू दे, म्हातारपणी त्याला चार लोकांनी विचारलं तर विचारू दे. आणि मग परवा तुझा निरोप आला. आधी गुडघ्याची चौकशी, मग वहिनीचा नमस्कार, आणि मग हळूच ते. नव्या गेमच्या कार्यक्रमात तुला अंगाला हालचाल टिपणारे ठिपके चिकटवून स्टेजवर उभं करणार आहेत. लाथ कुणीतरी तरुण पोरगा मारेल, पण ती लंगडी लोकांना तुझ्याकडूनच हवीय, त्यावरूनच नवा मुखवटा चालवणार आहेत. आणि तुला ती जमत नाहीये. म्हणून मी आठ दिवस तुझ्याकडे राहायला यावं, तुला तेवढी शिकवावी, कुणाला कळणार नाही. टिटवे, तुझ्याशिवाय कोण आहे मला, असंही म्हणालास. तो निरोप मी पुन्हा पुन्हा ऐकला. तर ऐक. ती शिकवता येत नाही. तिच्यासाठी आधी गुडघा मोडावा लागतो आणि कोपराला धरणारा कुणीतरी धावत यावा लागतो. पण कार्यक्रमाला मी येतेय. ह्यांनी तिकिटं काढली आहेत, व्यायामवाली मुलगीही येणार आहे, आम्ही पुढच्याच रांगेत बसू. तुला स्टेजवर बोलावलं की तू आधी माझं नाव घे. मी बसल्या जागेवरून हात हलवीन, आणि तुझ्याबद्दल माझ्या मनात काही राहणार नाही, आईशपथ. नाही घेतलंस, तर मी खुर्चीतून उठेन आणि स्टेजपर्यंत चालत येईन. बोलणार एक शब्द नाही. तिथे जमलेले सगळे लहानपणापासून त्या लंगडीवर जीव टाकत आलेत. त्यांना माझी ओळख करून द्यावी लागणार नाही.

वहिनीला नमस्कार. निळा शर्टच घाल.

तुझीच,
टिटवी